एकशे अठरावी ओळ

एकशे अठरावी ओळ रिकामी होती. बोटीचे नाव होते, समुद्रलक्ष्मी. पण नावापुढे जिथे तिची जागा आणि बंदरापासूनचे अंतर यायला हवे, तिथे पडद्यावर दोनच शब्द उमटले होते : संपर्क नाही.

"म्हणजे काय हो?" सुलक्षणा चोगले माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी होती. "संपर्क नाही म्हणजे बोट नाही?"

"तसे नाही, बाई. बोटीवरच्या यंत्राकडून दोन तासांत काही आलेले नाही, एवढाच त्याचा अर्थ."

"दोन तासांत काय काय होतं दर्यात, ठाऊक आहे तुम्हाला?"

मला ठाऊक नव्हते. मी समुद्राकाठी राहत होतो. समुद्रावर कधी गेलो नव्हतो. तिचा नवरा रुपेश आणि सासरे, दोघेही त्या बोटीवर होते. बोट कोरी, त्या वर्षीच्या नारळी पौर्णिमेला पाण्यात उतरलेली, म्हणून मच्छीमार सोसायटीच्या यादीत सर्वांत शेवटची. कोजागिरी उलटून चार दिवस झाले होते. सकाळी आरशासारखा असलेला समुद्र नऊनंतर दक्षिणेच्या वाऱ्याने उसळू लागला, आणि साडेनऊला काटवेळ बंदराच्या धक्क्यावर धोक्याचा तीन नंबरचा बावटा चढला. आता अकरा वाजून वीस मिनिटे झाली होती.

सोसायटीचे चेअरमन रज्जाक होडेकर दारातून आत आले. त्यांना सगळे बंदर रज्जाकभाय म्हणत असे. छत्री मिटण्याचेही त्यांना भान नव्हते.

"तोडणकर, शेवटची कुठे दिसली होती?"

मी अकराचा छापील कागद पाहिला. दर तासाला पडद्यावरची संपूर्ण यादी छापून फाइलला लावण्याची माझी शिस्त होती. "वायव्येला, चोवीस मैल."

"गस्तीनौका एकच आहे. वायव्येला गेली की दुपारपर्यंत दुसरीकडे जाणं नाही. पाठवू?"

"एकच ओळ रिकामी आहे, रज्जाकभाय. बाकी एकशे सतरा दिसताहेत."

"मग पाठवतो," ते म्हणाले आणि फोन लावीत बाहेर गेले.

त्या खोलीत आणखी एक व्यक्ती होती, आणि तिने एवढ्या वेळात मान वर केली नव्हती. खिडकीजवळच्या टेबलाशी वायरलेससमोर इंदूताई पावसे बसल्या होत्या. पन्नाशीच्या, कृश, कपाळाला मोठे कुंकू, समोर लाल बांधणीची वही. बावटा लागला की दर तासाला त्या पुकारा करीत. सोसायटीच्या क्रमाने एकेका बोटीला हाक मारायची, उत्तर आले की नावापुढे बरोबरची खूण, नाही आले तर एक वाटोळे. वायरलेसची हाक वीस मैलांपलीकडे पोहोचत नसे, त्यामुळे दर वेळी दहा-बारा वाटोळी पडत आणि त्यांचे कोणाला काही वाटत नसे.

"भाऊ," इंदूताईंनी वहीतून मान न काढताच विचारले, "त्रेचाळीस कुठे आहे हो?"

मी पडद्यावर बोट फिरवले. "त्रेचाळीस, भैरीप्रसाद. चौदा मैल, तोंड घराकडे. येतेय."

"येतेय?"

"सरळ येतेय. निर्धास्त राहा."

"बरं," असे म्हणून त्यांनी वहीचे पान उलटले. इतकेच.

या यंत्राविषयी थोडे सांगायला हवे, कारण ते माझे होते. मी तेव्हा एकसष्ट वर्षांचा होतो. तंत्रनिकेतनातून इलेक्ट्रॉनिक्सची पदविका घेऊन तेहेतीस वर्षे टेलिफोन खात्यात काढली, आणि निवृत्तीनंतर दोन वर्षांपूर्वी सोसायटीने मला या कामासाठी काटवेळला बोलावले होते. प्रत्येक बोटीवर एक लहान पेटी होती. ती दर पंधरा मिनिटांनी आपली जागा उपग्रहामार्फत पाठवी, आणि ती जागा पुण्यातल्या एका संगणकाच्या चालत्या स्मृतीत बोटीच्या क्रमांकाखाली ठेवली जाई. क्रमांक सांगितला की जागा मिळे. दोन तासांत नवी जागा आली नाही, तर जुनी आपोआप पुसली जाई. हा नियम मीच घातला होता. शिळी माहिती ही अज्ञानापेक्षा वाईट, असे माझे मत होते आणि आजही आहे.

आधी माझा प्रोग्रॅम एकेका बोटीची जागा वेगवेगळी विचारीत असे. एक प्रश्न पुण्याला जाई, एक उत्तर परत येई, मग दुसरा प्रश्न. एकशे अठरा फेऱ्या. आमच्या लाइनवर त्याला मिनिटभर लागे, हवा बिघडली की तीन मिनिटे. इंदूताईंना त्याची मोठी गंमत वाटे.

"तुमचं यंत्र पुण्याला जाऊन एकेकीची चौकशी करतं, तोवर माझा निम्मा पुकारा होतो," त्या म्हणत. "त्याला म्हणावं, येताना चितळ्यांची बाकरवडी तरी आण."

एकदा मीही त्यांच्या पुकाऱ्याला घड्याळ लावले होते. ज्या बोटीचे उत्तर येत नसे, तिच्या नावानंतर त्या लगेच पुढे जात नसत. टेबलावर एकेक बोट टेकवीत अंगठ्यापासून करंगळीपर्यंत जात आणि मगच वाटोळे काढीत. अशी अकरा वाटोळी म्हणजे जवळजवळ एक मिनिट. मी त्यांना म्हणालो, "ज्या बोटी टप्प्याबाहेर आहेत हे ठाऊकच आहे, त्यांच्यासाठी थांबता कशाला?"

"माइकपर्यंत यायला नको माणसाला? हात म्हाकुळ-मासळीनं बरबटलेले असतात," त्या म्हणाल्या होत्या.

त्या दिवसाच्या आठवडाभर आधी मी माझा प्रोग्रॅम सुधारला होता. एकशे अठरा क्रमांक एकाच चिठ्ठीत लिहायचे, चिठ्ठी एकदाच पाठवायची, आणि सगळ्या जागा एकदम परत घ्यायच्या. ज्या क्रमाने विचारल्या त्याच क्रमाने. मिनिटाचे काम डोळ्याचे पाते लवते न लवते तोच होऊ लागले. मी स्वतःवर इतका खूश होतो, की रज्जाकभायना तीन वेळा करून दाखवले. तिसऱ्या वेळी ते म्हणाले, "समजलं हो, आता जेवायला सोडा."

बारा वाजता गस्तीनौका धक्क्यावरून सुटली. खिडकीतून तिचा करडा पाठमोरा भाग लाटांवर आपटताना दिसत होता. इंदूताईंचा बाराचा पुकारा चालू होता. सुलक्षणा खाली जाऊन नौकेवरच्या लोकांना हात जोडून परत आली होती. आता ती बसत नव्हती, बोलत नव्हती. पडद्यासमोर उभी राहून एकामागून एक ओळी वाचीत होती. कुणाचे तरी नवरे, कुणाचे तरी सासरे, सगळे नीट येत होते. मला तिच्याकडे बघवत नव्हते.

पुकारा संपला. सव्वाबारा झाले असतील.

"अल-मदिना एकोणीस मैलांवर?" सुलक्षणा एकदम म्हणाली.

"काय?"

"एकाहत्तर नंबर. अल-मदिना. तुमचं यंत्र सांगतंय एकोणीस मैल." तिने खिडकीकडे हात केला. "आणि ती काय मग? ती हिरव्या काठीची? अकराच्या आधीच लागली ती धक्क्याला. तिचा खलाशी आत्ता माझ्यासमोर विडी ओढत होता!"

मी उठून खिडकीशी गेलो. धक्क्याच्या कडेला हिरव्या डोलकाठीची बोट दोरांना हिसके देत उभी होती. पाठीमागच्या फळीवरचे नाव चष्म्याशिवायही वाचता येत होते.

"एखाद वेळी जागा चुकीची येते," मी म्हणालो. "पेटीत काही बिघाड..."

"मग माझ्याच बोटीच्या वेळी चुकत नाही काय ते?" तिचा आवाज चढला. "हिचं खोटं, तर माझंही खोटं! सांगा ना, माझंही खोटं असेल की नाही?"

तिला केवळ आशा हवी होती. पण एखाद्या गोष्टीची चाचणी कशी घ्यावी याचे जे शिक्षण मला चार भिंतींत मिळाले होते, ते त्या क्षणी तिच्या तोंडून बाहेर पडले. एक नोंद खोटी निघाली, तर दुसरी खरी कशावरून?

"रज्जाकभाय!" मी हाक मारली. "धक्क्याला आत्ता कोणकोणत्या बोटी आहेत? नंबर सांगा."

ते खिडकीत उभे राहिले. "मुरलीधर. बारा नंबर."

पडद्यावर बारा : धक्का. "बरोबर. पुढे."

"दर्याराज. चाळीस."

"बरोबर."

"नूर-ए-समंदर, पंच्याण्णव. ही आत्ता तासाभरापूर्वी आली."

पडद्यावर पंच्याण्णव : सोळा मैल. आणि तिच्या वरची ओळ, चौऱ्याण्णव : धक्का.

"चौऱ्याण्णव कुठे आहे?"

"शिवगंगा? ती कुठली धक्क्याला! ती पहाटेच लांब गेली."

मी एकाहत्तरच्या वरची ओळ पाहिली. सत्तर : धक्का. अल-मदिनाची जागा सत्तरसमोर लागली होती. नूर-ए-समंदरची चौऱ्याण्णवसमोर. प्रत्येक उत्तर एकेक पायरी वर सरकले होते. वर चाळिसापर्यंत सगळे जिथल्या तिथे, आणि खाली सगळे एकाने वर.

 मी खुर्चीवर बसलो.

"काय झालं?" रज्जाकभायनी विचारले. "तोंड का असं?"

मी एकशे सतराव्या ओळीवर बोट ठेवले. "सुलक्षणा, ही बघ. ही एकशे सतराची जागा नाही. ही समुद्रलक्ष्मीची आहे. बावीस मैल, आणि सरळ बंदराकडे येतेय. तुझी बोट चालू आहे. तिला काही झालेले नाही."

 ती तिथेच, पडद्यासमोर जमिनीवर बसली आणि पदर तोंडाला लावला.

"मग कोणाची नाही?" रज्जाकभाय हळूच म्हणाले.

प्रश्न तोच होता. यादीत चाळिसाच्या खाली आणि सत्तराच्या वर कुठेतरी एका बोटीचे उत्तर आले नव्हते. मी खिडकीजवळच्या टेबलाकडे वळलो.

"इंदूताई, एक्केचाळिसापासून एकेकीला हाक मारा. जिचे उत्तर येईल, तिला तिची जागा विचारा."

त्यांनी काही न विचारता माइक उचलला. "एक्केचाळीस, गंगासागर." खरखर. मग एक पुरुषी आवाज, आणि जागा. पडद्याशी जुळली.

"बेचाळीस, जयलक्ष्मी." उत्तर आले. जुळले.

"त्रेचाळीस, भैरीप्रसाद."

खरखर चालूच राहिली. इंदूताईंच्या हाताची पाच बोटे टेबलावर एकेक करून टेकली.

"चव्वेचाळीस, सागरमाया."

"हां ताई, बोला," आवाज आला.

"कुठे आहेस रे तू?"

"आता दहा मैल असेन. मघाशी अकराच्या सुमारास चौदावर होतो. घराकडेच येतोय. का हो?"

चौदा मैल, तोंड घराकडे. ते शब्द तासाभरापूर्वी मी त्याच खोलीत उच्चारले होते. पण त्रेचाळिसासमोरची ओळ वाचून.

इंदूताईंनी माइक खाली ठेवला. "म्हणजे त्रेचाळीस," त्या म्हणाल्या.

"त्रेचाळीस," मी म्हणालो.

मी फाइल उघडली. अकराचा कागद, भैरीप्रसाद : दक्षिणेला नऊ मैल, म्हातारीच्या खडकांजवळ. दहाचा कागद : तीच जागा, शेवटच्या आकड्यापर्यंत तीच. चालती बोट तासभर एका ठिपक्यावर राहत नाही; तिची पेटी दहाच्या आधीच मुकी झाली होती आणि स्मृतीत फक्त तिचे शेवटचे बोलणे उरले होते. अकरानंतर तेही पुसले गेले. समुद्रलक्ष्मीची जागा मात्र दहाला एक आणि अकराला दुसरी होती. म्हणजे ती अकरालाही बोलत होती. दोन कागद शेजारी ठेवून पाहिले असते, तर तेव्हाच कळले असते. कागद मी न चुकता छापले होते. वाचले नव्हते.

"गस्तीनौका परत फिरवा," मी रज्जाकभायना म्हणालो. "दक्षिणेला. म्हातारीचे खडक."

वायरलेसवर नौकेच्या सारंगाचा आवाज आला. वाऱ्याने तो तुटत होता. "आता वायव्येला सांगितलंत, आता दक्षिणेला. तोडणकर साहेब, नक्की ना? इथून वळलो की परत वळणं नाही."

खोलीतले तिघेही माझ्याकडे बघत होते. इंदूताईंनी माइक माझ्या तोंडापुढे धरला होता, आणि त्यांचा हात अगदी स्थिर होता.

"नक्की," मी म्हणालो.

खिडकीतून पाहिले, तर दूरवरचा करडा ठिपका थोडा वेळ जागच्या जागी डोलला आणि मग डावीकडे सरकू लागला.

त्यानंतरचे दोन तास मी आयुष्यात विसरणार नाही. सुलक्षणाने स्टोव्हवर चहा ठेवला, कोणी सांगितले नसताना. रज्जाकभाय माझ्यासमोर खुर्ची ओढून बसले.

"आता मला समजेल असं सांगा. यंत्र बिघडलं की माणूस?"

"माणूस," मी म्हणालो. "मी."

"कसं?"

"वाण्याकडे यादी पाठवली असे समजा. एकशे अठरा जिनसा. वाणी त्याच क्रमाने पुड्या बांधून देतो. एखादी जिनस नसेल, तर तो प्रामाणिक वाणी तिथे रिकामी पुडी ठेवतो, म्हणजे पुढचा क्रम बिघडू नये. पुड्यांवर नावे नसतात. नावे तुमच्या यादीत असतात."

"बरं मग?"

"मी रिकामी पुडी फेकून दिली, आणि मग उरलेल्या पुड्या यादीशी लावल्या. सुरुवातीला चाचणी घेताना एक रिकामे उत्तर आले आणि प्रोग्रॅम मध्येच अडकला. तेव्हा मी एक ओळ लिहिली : रिकामी उत्तरे आधी काढून टाकावीत. मला ते नीटनेटके वाटले. नंतर आठवडाभर एकही उत्तर रिकामे आले नाही, त्यामुळे चूक दिसली नाही."

"आणि पुड्यांवर नावं का लिहिली नाहीत?"

"एक गोष्ट एकाच ठिकाणी लिहावी, असे आम्हाला शिकवले होते."

रज्जाकभायनी बशीतला चहा संपवला. "माझी अम्मी डब्यावरही लिहायची आणि झाकणावरही," ते म्हणाले. "ती कॉलेजात गेली नव्हती."

  ते उठून खिडकीशी गेले.

इंदूताईंनी एकचा पुकारा केला, दोनचा केला. दोन्ही वेळी बेचाळिसानंतर त्यांनी हाक मारली, आणि दोन्ही वेळी पाच बोटे टेबलावर टेकली. पहिल्या वेळी मला वाटले, की ती आज नेहमीपेक्षा सावकाश टेकताहेत. दुसऱ्या वेळी तशी खात्री झाली. पण मग त्या शांतपणे चव्वेचाळिसाकडे गेल्या, आणि एकशे अठरापर्यंत एकही नाव त्यांनी घाईने घेतले नाही.

दोन वाजून पंचवीस मिनिटांनी वायरलेस खरखरला.

"काटवेळ, काटवेळ. भैरीप्रसाद सापडली. म्हातारीच्या खडकांपासून जेमतेम शंभर वावांवर. इंजिन बंद, केबिनमध्ये पाणी. नांगर धरून होता, पण एक दोर तुटला होता आणि दुसरा तुटायच्या बेतात होता. पाचही माणसं आमच्या नौकेवर घेतली. बोट दोर लावून आणतोय."

सुलक्षणाने टाळी वाजवली आणि लगेच स्वतःच दचकून हात खाली घेतले. रज्जाकभाय "या अल्ला" म्हणून भिंतीला टेकले. मी डोळे मिटले. 

"पाचही?" इंदूताईंनी माइकमध्ये विचारले. "पाचही ना?"

"पाचही, ताई. थांबा, त्यांचा तांडेल बोलतो म्हणतोय."

खरखर झाली, वारा आला, आणि मग एक कापरा, हसरा आवाज आला :

"अक्का, जेवलीस काय गो?"

इंदूताईंनी माइक तोंडाशी धरला.  त्या म्हणाल्या, "नाही जेवले मेल्या. कशी जेवणार?" आणि त्यांचा आवाज पहिल्यांदा फुटला.

मी रज्जाकभायकडे पाहिले.

"तुम्हाला ठाऊक नव्हतं?" ते हलक्या आवाजात म्हणाले. "सदानंद. धाकटा भाऊ तिचा. आई गेल्यावर हिनेच वाढवला. या मोसमापासून भैरीप्रसाद त्याच्याच हाती आहे, तांडेल म्हणून."

मला ठाऊक नव्हते. सदानंद डोर्लेकर हे नाव खलाशांच्या यादीत मी शंभरदा पाहिले असेल. डोर्लेकर हे इंदूताई पावसे यांचे माहेरचे आडनाव असेल, हे माझ्या मनात कधी आले नव्हते.

साडेचारला भैरीप्रसाद दोराला बांधलेली धक्क्याला आली, आणि तिच्या आधी चारला समुद्रलक्ष्मी स्वतःच्या इंजिनावर, वाजतगाजत आल्यासारखी आली. सुलक्षणाचा सासरा बोटीवरून ओरडून विचारीत होता, की इतकी माणसे धक्क्यावर कशाला जमली आहेत. त्यांना काहीच ठाऊक नव्हते. त्यांच्यावर दिवसभर जे येऊन गेले, ते केवळ माझ्या पडद्यावर येऊन गेले होते.

मी तोवर खाली उतरलो नव्हतो. ती ओळ काढून टाकीत होतो. तिच्या जागी नवी लिहिली : उत्तर रिकामे असले, तर ते त्याच जागी, त्याच बोटीच्या नावापुढे रिकामेच दाखवावे. आणि रज्जाकभायच्या अम्मीचे स्मरण करून प्रत्येक जागेबरोबर बोटीचे नावही साठवण्याची सोय केली. मग काम थांबवून इंदूताईंच्या टेबलाशी गेलो.

"ताई, तुम्ही मला सांगितले का नाही? त्रेचाळीसवर तुमचा भाऊ आहे म्हणून?"

"सांगितलं असतं, तर तुम्ही ती ओळ वेगळी वाचली असती काय?"

 मी नकाराची मान हलवली.

"पुकाऱ्यात नातं घ्यायचं नाही, भाऊ. एकीवर जीव अडकला की दुसरीची हाक ऐकू येत नाही. माझ्या सासऱ्यांनी हे काम दिलं तेव्हा एवढंच सांगितलं होतं." त्यांनी लाल वही माझ्यापुढे सरकवली. "पण मी आज चुकले. हे बघा."

दहाच्या पुकाऱ्यात त्रेचाळिसासमोर वाटोळे होते. अकराच्या पुकाऱ्यात वाटोळे होते. बाराच्या पुकाऱ्यात त्या नावापुढे काहीच नव्हते. ना खूण, ना वाटोळे.

"तुम्ही म्हणालात येतेय, निर्धास्त राहा. बाराला मी त्याला हाक मारलीच नाही. बेचाळीसवरून सरळ चव्वेचाळीसवर गेले." त्या कोऱ्या जागेवर त्यांनी बोट ठेवले. "वीस वर्षांत पहिल्यांदा."

"चूक माझी होती."

"असेल. पण वही माझी आहे."

त्यांनी पेन उघडले, त्या जागी एक लहान वाटोळे काढले, त्यावर वेळ घातली, आणि बाजूला आपली सही केली. मग वही परत ओढून घेतली.

पाच वाजत आले होते. वारा पडला होता, पण बावटा अजून उतरला नव्हता, म्हणून पुकारा करायचाच होता. दाराशी कोणाची तरी सावली पडली. साधारण चाळिशीचा एक माणूस, अंगाला दुसऱ्याचा कोरडा सदरा, हातात चहाचा पेला, डोळे मिठाने लाल झालेले. तो आत आला नाही. चौकटीला टेकून उभा राहिला. इंदूताईंनी त्याच्याकडे एकदा पाहिले आणि माइक उचलला.

"एक, गजलक्ष्मी." उत्तर. खूण. "दोन, हरिप्रिया." उत्तर. खूण.

मी माझा पडदा नव्याने चालू केला. एकशे अठरा ओळी क्षणात उमटल्या. एकशे अठरावी भरलेली होती : धक्का. त्रेचाळिसावी रिकामी होती, आणि ती रिकामीच असायला हवी होती.

"एक्केचाळीस, गंगासागर." उत्तर. "बेचाळीस, जयलक्ष्मी." उत्तर.

"त्रेचाळीस, भैरीप्रसाद."

"अगो, हा काय मी!" दारातून सदानंद हसत म्हणाला. "वायरलेस भिजून मेला आमचा. कोण बोलणार तिथून?"

इंदूताईंनी डावा हात वर करून त्याला गप्प केले. तोच हात मग टेबलावर आला. अंगठा टेकला. पहिले बोट टेकले. मधले टेकले. खोलीत फक्त खरखर ऐकू येत होती. अनामिका. करंगळी.

त्यांनी वाटोळे काढले.

"चव्वेचाळीस," त्या म्हणाल्या, "सागरमाया."